पाटा मागे, इंजन पुढे

गाडीचा मागचा पाटा तुटला, तो बदलला, आणि तेव्हापासून इंजन वाटेत मरायला लागलं. एवढीच गोष्ट. पण एवढ्या गोष्टीवरून मला चोर म्हणून झालं, अडाणी म्हणून झालं, आणि मी देव सोडले म्हणून गाडी रुसली असंही म्हणून झालं. साठ वर्षं होत आली, तरी आठवलं की अजून डोकं तापतं. पोरगी म्हणते, बाबा, सोडा आता. कायले सोडू? ज्यांनी म्हटलं त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत, मग मीच काय म्हणून सोडायचं?

बायको गेली त्याला आठ महिने झाले. ती होती तोवर ही गोष्ट पुरी माहीत असलेली आम्ही दोघं होतो. आता मी एकटा. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बोलतो तसं लिहितो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तेव्हा मी बोरी अरबला एका मालकाची मोटार चालवायचो. मालक कापसाचा व्यापार करायचे, शेतीही मोठी होती. मी आधी कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर होतो, तिथेच स्टेरिंग धरायला शिकलो. आमच्या वस्तीतून मोटार चालवणारा मी पहिला. छप्पन साली आम्ही दोघं नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. घरी आल्यावर भिंतीवरचे देव बायकोनेच उतरवले, फडक्यात बांधले आणि नाल्यात सोडून आली. मला म्हणाली, आता मागं पाहाचं नाही. मालकाला हे सगळं माहीत होतं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही पाहा, तू गाडी नीट चालव. मला माणूस बरा वाटला.

गाडी विलायती बनावटीची, काळी, बरीच जुनी. पेट्रोलची टाकी मागे, तिचं झाकण मागच्या मडगार्डावर. पेट्रोल दाखवणारा काटा मी यायच्या आधीपासून मेलेला. म्हणून मी डिक्कीत बाभळीची एक सोललेली काठी ठेवायचो. झाकण काढायचं, काठी बुडवायची, किती ओली झाली ते पाहायचं. गाडी थांबली की आधी काठी, मग बाकीचं. ती माझी सवयच होती.

दीक्षा घेऊन दीडएक वर्ष झालं असेल. चैत्रातले दिवस. शेताकडून येताना बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत मागचं चाक आपटलं आणि चाकाचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या जुडीतला मोठा पाटा कडकन तुटला. गाडी एका अंगावर बसली. हळूहळू हाकत ती यवतमाळला नेली. तिथे एक म्हातारे मुसलमान मिस्तरी होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी दोन दिवस घेतले, लोहाराकडून पाटा करवून घेतला, जुडी बांधून दिली. मी गाडी घेऊन घरी आलो. रस्त्यात एकदा खोकलीसुद्धा नाही. ही गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी, कारण मी ठेवली नाही.

मालकाच्या घरची रीत अशी होती की गाडीचं मोठं काम होऊन ती दारी आली की पूजा करायची, आणि नारळ फोडायचा तो गाडी हाकणाऱ्यानेच. आधीचा ड्रायव्हर फोडायचा. माझ्या वेळी ही पहिलीच मोठी दुरुस्ती. मालकाची आई, मी त्यांना बाई म्हणायचो, ताट घेऊन दारात आल्या. डोळ्यांना कमी दिसायचं, पण उत्साह दांडगा. तेलात कालवलेला शेंदूर वाटीत. माझ्या हातात नारळ दिला. मी तो ओट्यावर ठेवला आणि हात जोडून म्हणालो, बाई, मी हे करत नाही. गाडी धुऊन पुसून चकाचक ठेवतो, ती माझी पूजा समजा.

बाईंचं तोंड असं झालं की जसं काही मी त्यांच्या ताटातला घास काढला. शेवटी घरच्या सालदाराने नारळ फोडला. बाईंनी बोनेटला शेंदूर लावला, चारी चाकांना लावला, आणि मागे जाऊन टाकीच्या झाकणालाही चांगला थापून लावला. म्हणाल्या, इथूनच खाते ना हे. मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मालकाला घेऊन यवतमाळला निघालो. दहाबारा मैल झाले असतील, इंजन आचके द्यायला लागलं आणि मेलं. मी उतरलो. ऊन रणरणतं. उन्हाळ्यात पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते, हे तेव्हा कोणताही ड्रायव्हर सांगायचा. मी दुपट्टा ओला करून पंपाला गुंडाळला. मागे जाऊन काठी बुडवून पाहिली, पेट्रोल भरपूर. पाच मिनिटांनी हँडल मारलं, चालू. म्हटलं, उष्णतेचंच असेल. पुन्हा दहाबारा मैलांवर तेच. परत येतानाही तेच. चौथ्या दिवशी तर सकाळच्या थंड वाऱ्यातही मेली. मग उष्णता कशी?

मला मिस्तरीचा असा राग आला की विचारू नका. पाटा बदलायच्या आधी गाडी ठीक होती, पाटा बदलला आणि बिघडली. टाकी मागे, पाटाही मागेच. यांनी ठोकाठोकी करताना पेट्रोलची नळी दाबली, असं मी मनात पक्कं करून टाकलं. यवतमाळला त्यांच्या गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. म्हातारपणी हात कापत असतील तर काम घेता कशाला, असंही बोललो.

चाचा शांतपणे हात पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "पाटा पीछे, इंजन आगे. मैंने इंजन को हात नहीं लगाया, बेटा."

मी म्हणालो, हात लावला नाही, मग बिघडलं कसं?

त्यांनी वाद घातला नाही. गाडी आत घेतली. नळी काढून फुंकून पाहिली, मोकळी. तरी दुसरी घातली. कारबोरेटर खोलून साफ केला. पलग घासले. पंपाचा पडदा बदलला. दिवसभर लागले. बाजारातून दोन चकरा मारून आणल्या, गाडी अशी गोड चालली की मलाच शंका यायला लागली. घरी निघालो आणि दहाव्या मैलाला खल्लास.

पुन्हा गेलो. या वेळी चाचा स्वतः गाडीत बसले. म्हणाले, माझ्यासमोर मरू दे तिला. वेळेवर मेली. ते बोनेट उघडून वाकले, मी सवयीप्रमाणे मागे काठी घेऊन गेलो. झाकण काढलं, काठी बुडवली, झाकण लावलं. तोवर त्यांनी पंपाचे दोन स्क्रू आवळले होते. हँडल मारलं, चालू. त्यांना वाटलं स्क्रू आवळल्याने चालू झाली. मला वाटलं थंड झाली म्हणून चालू झाली. पुढच्या दहा मैलांवर पुन्हा तेच. तिथे चाचा रस्त्याच्या कडेला पळसाच्या सावलीत बसले आणि म्हणाले, चाळीस साल झाली इंजन उघडतो, अशी बीमारी पाहिली नाही. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. आणि मी, मी त्यांना सोडायला परत यवतमाळला गेलो तेव्हा वाटेत एक शब्द बोललो नाही. राग माझ्या अंगात तेव्हाही होता.

इकडे गावात दुसरंच शिजत होतं. मालकाचे दिवाणजी होते, हिशेबाच्या गादीवर बसणारे. त्यांनी कानात सांगितलं की गाडी बंद पडते ती पेट्रोल संपून, आणि पेट्रोल संपते कारण डायवर विकते. मी मालकासमोर काठी आणून दाखवली, टाकी भरलेली दाखवली. दिवाणजी म्हणाले, आता भरली असंल. ह्या माणसाने आयुष्यात कधी बोनेटखाली डोकं घातलं नव्हतं. त्याला इंजन आणि चूल यातला फरक कळत नव्हता. पण मी विकतो हे त्याला कळत होतं. काहून कळत होतं? मी कोणत्या वस्तीतून येतो ते माहीत होतं म्हणून. एवढीच त्याची अक्कल.

आणि बाई तर म्हणतच होत्या. ज्याने फोडायचा त्याने नारळ फोडला नाही, गाडीला ते लागलं. घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आठ दिवसांत गावभर झालं. बाजारात एक जण मला म्हणाला, "काय गा, तुह्या गाडीनं दीक्षा घेतली का? पूजेचं नाव काढलं का थांबूनच जाते म्हणते." लोक हसले. मीही हसलो, काय करता.

मग मालकाने मला बोलावलं. त्यांची मुलगी आर्णीला दिलेली, पहिलटकरीण. सातवा लागला होता, बाळंतपणाला माहेरी आणायची होती. परवा सकाळी जायचं ठरलं. मालक म्हणाले, "माही पोरगी उन्हात रस्त्यावर बसून राह्यलेली मले चालणार नाही. मिस्तरी झाला, सारं झालं. आता आईचं आयक. परवा निघतानी नारळ तू फोड. नाही फोडत, तर चावी ठेव, मी दुसरा डायवर पाहतो."

मी म्हणालो, मालक, नारळाने इंजन चालते का?

ते म्हणाले, "तुह्यानं तरी कुठं चालून राह्यलं?"

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते खरं होतं. माझ्याकडे दोन दिवस होते. खोट सापडली नाही तर नारळ फोडायचा किंवा नोकरी सोडायची. नोकरी सोडली तर गावात एवढंच उरणार होतं की त्या वस्तीतल्या माणसाच्या हातात मोटार देऊ नये, पाहिलं ना काय झालं. नारळ फोडला तर दीक्षेच्या वेळी मी घेतलेल्या शपथेचं काय? लोक म्हणतील एक नारळच तर आहे. ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. मला तो डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालकाच्या गोठ्यामागच्या पडवीत गाडीचं बोनेट उघडून बसलो होतो. नुकतीच पाचसहा मैलांची चक्कर मारून आणली होती. बायको भाकर घेऊन आली. ती तेव्हा मालकाच्याच आवारात कापसातला काडीकचरा वेचायच्या कामावर होती, पदराला कापूस चिकटलेला. मी तिला मालकाचं बोलणं सांगितलं आणि म्हणालो, फोडून टाकतो नारळ, जाऊ दे.

ती भाकरीचं फडकं सोडता सोडता थांबली. "फोडा. मंग घरी आल्यावर भितीवर देवही लावा पुन्हा. मी नाही लावणार, तुम्हीच लावा."

मी चिडलो. म्हणालो, तुले काय जाते बोलाले, खोट सापडून नाही राह्यली.

"मले सांगा मंग. पयल्यापासून सांगा."

मला हसू आलं. चाळीस वर्षं इंजन उघडणारा मिस्तरी थकला, आणि ही विचारते. पण भूक लागलेली, बसलो आणि जेवता जेवता सांगितलं. ती उकिडवी बसून ऐकत होती. मध्येच विचारलं, यवतमाळहून पाटा बदलून आणली तवा बंद पडली का? मी म्हणालो, नाही.

"मंग मिस्तरीनं कशी बिघडवली? त्याच्या हातून तं चांगली आली."

घास माझ्या हातातच राहिला. पंधरा दिवस मी त्या म्हाताऱ्याला मनात शिव्या देत होतो आणि हे एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

तिने विचारलं, घरी आल्यावर गाडीचं काय केलं? मी म्हणालो, काही नाही. पूजा झाली, दुसऱ्या दिवशी निघालो. मग तिने विचारलं, बंद पडल्यावर तुम्ही काय काय करता, एकूणएक सांगा. मी सांगितलं, कधी फडकं ओलं करतो, कधी करत नाही. कधी पलग काढतो, कधी काढत नाही. आणि काठीने पेट्रोल पाहतो.

"ते कधी कधी पाहता?"

"ते तं दरवेळी पाहतो."

"म्हणजे झाकण दरवेळी काढता."

"काढल्याबिगर काठी कशी जाईल?"

"काढल्यावर काही होते का?"

मी म्हणालो, काही नाही, सुस्स करून आवाज येतो, उन्हात पेट्रोलची वाफ सुटते तो. तिने विचारलं, वाफ बाहेर येते का आत जाते? आता हे मी काय सांगणार? वाफ बाहेरच येत असेल, आत कशाला जाईल, असं मी धरून चाललो होतो. ती उठली. गाडीच्या मागे गेली. पदराचा कापूस तोडून झाकणाच्या कडेला धरला आणि म्हणाली, उघडा हळू. मी झाकण थोडं फिरवलं. सुस्स झालं, आणि कापूस तिच्या बोटांतून सुटून फटीत ओढला गेला.

हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती.

त्या वेळी आमच्याकडे चार घरं मिळून घासलेटचा एक डबा आणायची, आणि बाटल्या भरून वाटायचं काम हिच्याकडे असायचं. ती म्हणाली, डब्याला एकच भोक पाडलं तर घासलेट पडता पडता अडते, गुटगुट करते. हवा जायला दुसरं भोक पाडावं लागते. हवा आत गेल्याबिगर घासलेट बाहेर येत नाही. तुमच्या टाकीले हवेचं भोक कुठं हाये?

भोक होतं. झाकणाच्या मधोमध राईएवढं. ते मी रोज पाहायचो. पावसाचं पाणी निथरायला केलं असेल अशी माझी समजूत होती. आता तिथे भोक दिसतच नव्हतं. होता तो बाईंनी थापलेला शेंदूर, वाळून खवल्यासारखा घट्ट झालेला. मी रोज गाडी पुसायचो, पण तेवढी जागा सोडून पुसायचो. बाईंनी लावलेलं, पुसलं तर पुन्हा माझ्याच नावाने ओरडतील, म्हणून. माझी खबरदारी अशी नडली.

बायकोने कुंपणाचा बाभळीचा काटा मोडून आणला, नखाने शेंदूर खरवडला आणि काट्याने भोक मोकळं केलं. मग झाकणाला ओठ लावून फुंक मारून पाहिली. मला म्हणाली, आता पाहा चालवून.

मी मालकाला विचारून गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला काढली. दहा मैल गेले, बारा गेले, पंधरा गेले. इंजन एका सुरात. तरी माझं समाधान होईना. लोकांनी माझ्यावर एवढे आळ घेतले होते, मला पुरावा पाहिजे होता. पंधराव्या मैलाला थांबलो, उरलेल्या भाकरीचा तुकडा थुंकीने मळला आणि ते भोक स्वतःच्या हाताने बुजवलं. परत फिरलो. अकरा मैलांवर आचके देऊन मेली. झाकण फिरवलं, सुस्स. भाकर काढून टाकली, हँडल मारलं, घरापर्यंत पळत आली. आडरस्त्याला एकटाच मोठ्याने बोलत होतो मी. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यालाही काही लागलं.

मालकाला मी झाकण हातात नेऊन दाखवलं. शेंदराचे खवले कागदात बांधून नेले होते, तेही दाखवले. सगळं सांगितलं. फक्त शोधलं कोणी ते आलं नाही बोलण्यात. मालकाने झाकण उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. मग हसायला लागले, बराच वेळ हसले. मीही हसलो. वाटलं, आता दिवाणजीला बोलावतील, बाईंना सांगतील, माझ्या डोक्यावरचं उतरेल.

हसणं थांबवून ते म्हणाले, "आईले सांगू नको. तिच्या हातून झालं हे तिले सहन नाही होणार. वय झालं तिचं."

मी म्हणालो, मालक, आन माझ्यावर जे झालं ते?

ते म्हणाले, तुले म्या काढलं का? नारळही नको फोडू, सालदार फोडंल. तुह्यं काम तं झालं ना.

माझं काम झालं होतं. नोकरी राहिली, शपथ राहिली. पण बोललेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं. दुसऱ्या दिवशी सालदाराने नारळ फोडला. बाई शेंदराची वाटी घेऊन मागच्या अंगाला आल्या, तेव्हा मी झाकणावर दुपट्टा टाकून उभा होतो. म्हणालो, बाई, इथं हात लावू नका, पत्रा तापला आहे. सकाळचे सहा वाजले होते. त्यांनी मडगार्डाला लावलं. आर्णीला गेलो, मुलीला घेऊन आलो, गाडी कुठेही थांबली नाही. संध्याकाळी बाई ओट्यावर बसून शेजारणींना सांगत होत्या की पाहा, देवाचं देवाले दिलं तवा चालली. मालक तिथेच खाटेवर बसून पान खात होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही. एक शब्द, फक्त एक शब्द बोलले असते तर त्यांचं काय गेलं असतं? त्यांना आईला सगळं सांगायचं नव्हतं, नका सांगू. पण दिवाणजीला तर सांगता आलं असतं की हा पेट्रोल विकत नव्हता. तेही नाही. मी त्या घरी पुढे अकरा वर्षं गाडी चालवली, आणि दिवाणजी मरेपर्यंत माझ्याकडे त्याच नजरेने पाहत होता.

एक गोष्ट मात्र मी केली. आठवड्याने यवतमाळला काम निघालं, तेव्हा गॅरेजात गेलो. चाचा एका गाडीखाली होते, पाय फक्त दिसत होते. मी तिथेच उभा राहून, गिऱ्हाइकं ऐकतील असं, सांगितलं की चाचा, चूक तुमची नव्हती, माझी होती, मला माफ करा. ते सरकत बाहेर आले. झाकणाची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, मी इंजन सोडून मागे पाहिलंच नाही, आणि तू रोज मागे जाऊनही पाहिलं नाही. मग माझ्या पाठीवर काळा हात ठेवून तिथल्या सगळ्यांना म्हणाले, "देखो, मेरेसे नहीं हुआ, इसने ढूंढ निकाला." आणि मला विचारलं, "तूने अकेले ने?"

मी म्हणालो, हो.

गॅरेजातल्या माणसांनी मला चहा पाजला. एका जणाने तर सांगितलं की आमच्या मालकाकडे जागा झाली तर तुलाच बोलावतो. किती दिवसांनी कोणी चांगलं बोललं होतं माझ्याशी. ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू, फार गोड लागलं.

घरी आलो तेव्हा ती दारात ज्वारी निवडत होती. म्हणाली, काय म्हणे चाचा? मी सांगितलं, खूश झाले. तिने विचारलं, मी काढलं हे सांगतलं ना? मी म्हणालो, बायकोनं काढलं म्हटलं असतं तं हसले असते सारे, चाचालेही वाईट वाटलं असतं.

ती सूप हलवत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "मालकानं एक शब्द नाही काढला म्हणून आठ दिस झाले, तुमी जेवाले बसले का त्याईलेच शिव्या देता. आन आता तुमी?"

मी हातपाय धुवायला निघून गेलो. तिनेही पुन्हा कधी विषय काढला नाही. पोरासोरांना मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, दरवेळी शोधणारा मीच. ती आत चुलीपाशी असायची, ऐकायची, मध्ये बोलायची नाही. एकदा तरी तिने म्हणायला पाहिजे होतं की खोटं बोलतो हा माणूस. नाही म्हणाली.

ती गेल्यावर विहारात लोक जमले. मला म्हणाले, दादा, वहिनींविषयी दोन शब्द बोला. मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं की स्वयंपाक चांगला करायची, सोशीक होती. आणि खाली बसलो. माझाच राग आला मला. सोशीक म्हणे. त्या दुपारी ती सोशीक असती तर मी नारळ फोडला असता.

म्हणून हे लिहिलं. पोरीला सांगितलंय, पुढच्या पौर्णिमेला विहारात हे मोठ्याने वाचून दाखव. मी समोर बसेन. टाकीतली खोट तिने काढली होती, मी नाही.